बोनेटच्या आतले नाव

“मग नकोच म्हणू ना, उस्ताद?”

हा प्रश्न विचारताना अभिनंदन चौगुलेचा उजवा तळवा अजून गाडीच्या बोनेटवर होता. बोनेट गरम होते.

बाबालाल मिस्त्री गाडीकडे पाठ करून उभे होते आणि समोरच्या द्राक्षबागेतील वेलींच्या ताणलेल्या तारा निरखीत होते.

“हात पोळतोय,” अभिनंदन म्हणाला. “आपण येणार म्हणून इंजिन तापवून ठेवलंय. आता पुढं बघण्यासारखं काही उरलं नाही.”

जुनी गाडी थंड असतानाच तपासावी, हा या धंद्यातला मूलभूत नियम आहे. रात्रभर निजलेले इंजिन पहिल्या किल्लीला जे बोलते ते खरे असते. त्याचा खोकला, त्याचा धूर, त्याची कुरकुर त्या पहिल्या मिनिटातच कळते. पुढे सगळी इंजिने सारखीच गोड बोलतात. म्हणून लबाड विकणारा गिऱ्हाईक येण्यापूर्वी गाडी तापवून ठेवतो, आणि जाणता मिस्त्री सर्वांआधी बोनेटवर तळवा ठेवतो.

“तुम्हीच शिकवलंत,” अभिनंदन म्हणाला. “गरम बोनेट म्हणजे झाकलेला आजार.”

“शिकवलं.”

“मग?”

“माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू उठून गेलास.”

“कधी?”

“चार वर्षांपूर्वी.”

…

बाबालाल शिकलगार यांचे गॅरेज मिरजेत होते, पण त्यांची ख्याती दुरुस्तीपेक्षा पारखीची. जुनी गाडी घेणारा माणूस त्यांना सोबत नेत असे. त्यांच्या घराण्यात या पारखीला एक रीत होती. ती त्यांच्या उस्तादांनी घालून दिलेली, आणि त्या उस्तादांना कुणी दिली ते सांगणाऱ्यांना ठाऊक नाही.

रीत अशी : ज्याने गाडीला ‘घ्या’ म्हटले, त्याने बोनेट उघडून आतल्या बाजूला रंगाने आपले नाव लिहायचे. पुढे ती गाडी कुठेही बंद पडो, कुणीही मिस्त्री बोनेट उचलो, त्याला प्रथम ते नाव दिसायचे. या गाडीचा जामीन कोण, ते गाडीच सांगायची.

‘नको’ म्हणणाऱ्याला मात्र काहीही लिहावे लागत नसे.

चार वर्षांपासून त्यांच्या हाताखाली असलेल्या अभिनंदनने ऑटोमोबाइलची पदविका पहिल्या वर्गात मिळवली होती. रंगाच्या थराची जाडी मोजणारे यंत्र त्याच्याकडे होते, इंजिनाशी जोडून त्याच्या तक्रारी वाचणारेही होते, आणि एक जाड वही होती. चार वर्षांत त्याने असंख्य गाड्यांना ‘नको’ म्हटले होते. त्याचे ‘नको’ एकदाही चुकले नव्हते, कारण न घेतलेली गाडी कधी तक्रार करीत नाही.

नाव लिहिण्यासाठी पांढऱ्या रंगाची एक लहान डबी तो पहिल्या दिवसापासून पिशवीत बाळगत होता.

…

“आता हीबी नको?”

हा आवाज रत्नाक्का मगदूम यांचा. गाडी घ्यायची होती ती त्यांना, आणि ही सातवी गाडी होती.

पहिलीचे टायर सारख्या झिजेचे नव्हते. दुसरीचे एक दार पुन्हा रंगवलेले निघाले. तिसरी, चौथी, पाचवी अशाच कारणांनी गेल्या. सहावी तर अभिनंदनने आतल्या वासावरून परत केली होती.

रत्नाक्कांचे यजमान बापू हे कुस्तीतले नावाजलेले वस्ताद. त्यांची डावी बाजू अर्धांगवायूने गेली, त्याला चौदा महिने झाले. एकदा भाड्याची गाडी आणली, तेव्हा घाईत असलेल्या ड्रायव्हरने त्यांना काखेत हात घालून उचलले आणि पोते ठेवावे तसे सीटवर ठेवले. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांना उचलून टाकले होते, तो त्या दिवसापासून उंबऱ्याबाहेर आला नव्हता.

म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी रत्नाक्का गाडी शिकल्या. लायसन घेतले. आता फक्त गाडी हवी होती.

“रविवारी गावच्या जत्रंचं मैदान हाय,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या तालमीतला शेवटचा पठ्ठ्या उतरणार. हे म्हणत्यात, मला न्यायचं तर आपल्या गाडीतनं, आपल्या वेळेनं. आन् आज गुरुवार.”

“अक्का, घाईत गाडी घेऊ नये,” अभिनंदन गंभीरपणे म्हणाला.

“घाई? तुझ्या वहीपायी श्रावण गेला, भादवा गेला, दिवाळी गेली, आता पौष चाललाय. मी घाई करत न्हाई, लेका. म्हातारी व्हायला लागले.”

बाबालाल हसले. अभिनंदन हसला नाही. त्याची दृष्टी बोनेटच्या मधोमध गेली होती. तिथे ओल्या कुंकवाचे ठसठशीत स्वस्तिक होते.

“हे बघा!” तो म्हणाला. “ओरखडा झाकलाय.”

त्याने खिशातून फडके काढून कुंकू पुसले. खाली स्वच्छ पांढरा रंग होता. त्याने यंत्र लावले. थर अगदी नियमाप्रमाणे निघाला.

“अरं, अरं, अरं! पुसलंस व्हय?”

पाण्याचा तांब्या घेऊन घरातून यमुनाबाई खोत येत होत्या. वय सत्तरीचे, चाल मात्र तरण्या पोरीची. गाडी त्यांच्या नावावर होती.

“आत्ता सकाळी लावलंय! पुतण्याला म्हटलं, बारा वर्सं जिनं सांभाळलं तिला जाण्याआधी एकदा देवाच्या पायावर घालून आण. नारळ फोडला, परत आलो, तवर तुमी आला.”

“म्हणून गरम हाय?” रत्नाक्कांनी विचारले.

“मग काय देवळात ढकलत न्यायची?”

अभिनंदन बाबालालांजवळ सरकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “कारणं सगळेच सांगतात, उस्ताद. मागच्या महिन्यातल्या त्या माणसाने तर आई आजारी आहे म्हणून सांगितलं होतं.”

“होती का?”

“… विचारलं नाही.”

“तेच माझं राहिलेलं वाक्य. बोनेट गरम लागलं, तर का ते आधी विचारावं.”

बाबालालांनी एक आळस दिला. मग आंब्याखाली पडलेले घोंगडे झटकले, पसरले आणि मांडी घालून बसले. पाठ पुन्हा गाडीकडेच.

“इंजिन थंड व्हायला किती वेळ लागेल?”

“पूर्ण थंड? तीन तास.”

“मग बसू.”

“तीन तास कशासाठी?”

“तीन तासांसाठी.”

…

अभिनंदन बसणाऱ्यांतला नव्हता. तो गाडीखाली शिरला, डिकीत शिरला, विजेरी घेऊन दारांच्या बिजागऱ्यांत शिरला. बाबालाल मात्र यमुनाबाईंशी द्राक्षांविषयी, कुळथाच्या पिठल्याविषयी आणि एका हट्टी म्हशीविषयी बोलत राहिले.

“मिस्त्री, तुमी न्हाई बघत?” यमुनाबाईंनी विचारले.

“पोरगा बघतोय ना.”

“लई बारीक बघतोय. माझी लेक द्यायची असती तर मीबी इतकं बघितलं नसतं.”

“म्हणूनच तो अजून बिनलग्नाचा आहे,” बाबालाल म्हणाले.

गाडीखालून अभिनंदनचा आवाज आला : “ऐकू येतंय मला.”

“ऐकू यावं म्हणूनच बोलतोय, बेटा.”

दोन तासांनी तो बाहेर आला. कपाळाला ग्रीस, गुडघ्यांना माती, आणि मुद्रेवर समाधान. वहीत दोषांची संख्या चौदा झाली होती.

तोपर्यंत ताटे आली. ज्वारीच्या भाकऱ्या, भरले वांगे, ठेचा, दही. यमुनाबाईंनी अभिनंदनच्या पुढचे ताट मध्येच थांबवले.

“तू चौगुले न्हवं? जैनाचा ना? मग वांगं न्हाई चालायचं तुला, कांदा-लसूण तर न्हाईच. थांब. दही घे, तूप-गूळ घे. शेंगांची चटणी बिगरलसणाची हाय, पाटाशेजारच्या जैन सूनबाईसाठी करून ठेवते मी.”

अभिनंदन किंचित गोंधळला. आपले आडनाव त्यांनी कधी ऐकले, हे त्याला आठवेना.

“मुलगा पुण्याला असतोय माझा,” भाकरी वाढता वाढता यमुनाबाई सांगू लागल्या. “फोनवर बजावलंय त्यानं. म्हणाला, आई, इचारतील तेवढंच सांग. जास्तीचं एक अक्षर बोलू नको.”

“बरोबर सांगितलं,” बाबालाल घास घेत म्हणाले.

“व्हय की. शहाणा हाय त्यो. … तर त्या डाव्या मागल्या दारातनं पावसात पाणी येतं. खाली चिंधी घातलीय मी.”

अभिनंदनचा हात ताटातच थांबला. त्याने वही उघडली. दोष क्रमांक तीन : डावे मागील दार, रबर फाटलेले.

“दुसरा गिअर थंडीत रुसतोय. जरा गोंजारून टाकावा लागतोय.”

क्रमांक सात.

“सायलेन्सरला मागं एक जोड दिलाय. गल्लीतल्या गड्यानं दिला, चांगला दिला. पुढचा दिवा बदलल्याला हाय. रेडिएटरला पाणी जरा जास्ती लागतं. तिलाबी माझ्यागत उनाचा ताप हाय. उजव्या अंगाला पत्रा ठोकल्याला हाय, कारण बांधावरनं उतरताना पुतण्याला बैल दिसला न्हाई.”

“बैलाला काही झालं?” बाबालालांनी विचारले.

“बैलाला काय हुतंय! त्यानंच तर पत्रा दाबला.”

रत्नाक्कांना ठसका लागला. यमुनाबाईंनी त्यांना पाणी दिले आणि पुढे चालू ठेवले. अभिनंदन एकेका ओळीपुढे खूण करीत गेला. क्लच. वायपर. मागच्या सीटची उसवण. सुटे चाक, ज्याच्यात हवा कधीच राहत नाही. अखेर वहीतले चौदा संपले.

यमुनाबाईंचे संपले नव्हते.

“आन् उजवीकडं वळताना हॉर्न आपणहून वाजतोय.”

“काय?” अभिनंदन उठून उभा राहिला.

“आपणहून. डावीकडं न्हाई वाजत. बरंच हाय ते, लोक आधीच बाजूला हुत्यात.”

“हे … हे माझ्याकडे नाही.”

“मग लिव्ह की,” यमुनाबाई म्हणाल्या. “पंधरावा.”

अभिनंदन उभाच होता. त्याच्या चार वर्षांच्या अनुभवात विकणाऱ्याकडून दोष काढून घ्यावा लागे, दाढेतून किडका दात काढावा तसा. इथे ते भाकरीबरोबर वाढले जात होते. याचे काय करायचे, हे त्याला कुणी शिकवले नव्हते.

“पंधरा दोष,” तो हट्टाने म्हणाला. “पंधरा म्हणजे पंधरा. कुणी सांगितले म्हणून ते कमी होत नाहीत.”

“होत नाहीत,” बाबालालांनी मान्य केले. “तिखट भारी आहे, बाई. अजून थोडं वांगं वाढा. … आणि तुझ्या वहीतलं सगळं आलं की काही राहिलं?”

“दोन राहिले. यमुनाआजींनी हे दोन सांगितले नाहीत!” अभिनंदनला पुन्हा बळ आले. त्याने पान उलटले. “हे मी चौदांत न धरता शेवटी वेगळे टिपले होते. एक : पुढच्या डाव्या सीटवर, छताच्या मुठीला जाड दोर बांधलेला आहे, मूठ सैल झालेली असण्याची शक्यता. दोन : त्याच दाराखाली लोखंडी पायरी जोडलेली आहे, मूळची नाही, कंपनीने दिलेली नाही.”

“त्यो दोष न्हवं,” यमुनाबाई म्हणाल्या. “त्यो कासरा हाय. माझं दोन्ही गुडघं गेलं हुतं. आमच्या मालकांनी बैलाचा जुना कासरा पिळून बांधला आन् लोहाराकडनं पायरी करून आणली. सहा वर्सं मी त्यालाच धरून चढले-उतरले. आता गुडघं बदलून आणलं. आता म्हणते लेकाला, मला स्कूटर घेऊन दे. त्यो घाबरलाय.”



रत्नाक्का ताटावरून उठल्या होत्या.

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि गाडीपाशी गेल्या. डाव्या अंगाचे पुढचे दार उघडले. मग गाडीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. डावा हात त्यांनी खांद्यापासून सोडून दिला. तो हात आता त्यांचा राहिला नाही. डावा पाय ओढत त्यांनी पायरीला टेकवला. उजव्या हाताने, डोक्यावरचा कासरा न बघता, चाचपून धरला.

अंग तोलले.

… आणि हळूच, कुणाच्याही काखेतल्या हाताशिवाय, सीटवर बसल्या.

मग त्यांनी पाय आत घेतले. समोर काच होती, काचेपलीकडे रस्ता होता.

“बसले,” रत्नाक्का म्हणाल्या.

त्या स्वतःविषयी बोलत नव्हत्या. हे सगळ्यांना कळले, आणि अभिनंदनलाही.

त्याने वहीतल्या त्या दोन ओळींकडे पाहिले. पेन्सिल उचलली. पुन्हा खाली ठेवली. मागच्या सहा गाड्यांत माणूस बसतो कसा, हे त्याने कधी पाहिलेच नव्हते.

…

तीन तास झाले. अभिनंदनने बोनेटवर तळवा ठेवला. गार.

त्याने किल्ली फिरवली. इंजिनाने एकदा घसा खाकरला, दुसऱ्यांदा खाकरला, एक लहानसा निळसर भपकारा सोडला, आणि मग धरले. तो कान देऊन ऐकत राहिला. आवाज वयस्क होता, पण त्यात लपवाछपवी नव्हती.

रत्नाक्का गाडी चालवू लागल्या. अभिनंदन शेजारी बसला. अंगणातून बाहेर पडताना रस्ता उजवीकडे वळत होता.

हॉर्न वाजला.

“मी न्हाई वाजवला!” रत्नाक्का ओरडल्या.

“माहीत आहे!” अभिनंदन ओरडला.

बांधावरच्या दोन शेळ्या आणि सायकलवरचे एक गृहस्थ तत्काळ बाजूला झाले. गाडी बागेला वळसा घालून, आणखी तीनदा आपणहून वाजून, परत अंगणात आली तेव्हा रत्नाक्कांच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी येत होते. यमुनाबाई टाळ्या वाजवीत होत्या. बाबालाल घोंगड्यावर आडवे झाले होते, तोंडावर टोपी घेऊन.

अभिनंदन उतरला. रत्नाक्का उतरल्या. आता सारे त्याच्याकडे पाहू लागले.

‘नको’ हा शब्द त्याच्या जिभेला सवयीचा होता. तो ओठांपर्यंत आला. अभिनंदनने तो गिळला. 

“पंधरा दोष आहेत,” तो म्हणाला. “दाराचं रबर उद्या मी बदलतो. क्लच सहा महिने टिकेल, तो माझ्याकडेच आणा. हॉर्न …”

“हॉर्न राहू दे,” रत्नाक्का म्हणाल्या. “ह्यांना आवडंल. मैदानात शिरताना तुतारी वाजल्यागत.”

“बरं.”

“मग?”

अभिनंदनने वही मिटली.

“घ्या, अक्का.”

रत्नाक्कांनी त्याला जवळ ओढले आणि त्याची दृष्ट काढीत आपल्या दोन्ही कानशिलांवर बोटे मोडली. त्याचे ग्रीस त्यांच्या पदराला लागले.

रीतीप्रमाणे त्याने बोनेट उचलले आणि पिशवीतून पांढऱ्या रंगाची डबी काढली. झाकण निघेना. पान्याने काढले. आतला रंग वाळून दगड झाला होता.

तो डबीकडे पाहत राहिला. चार वर्षे तिने वाट पाहिली होती. मग सोडून दिली असावी.

“रंग पायजे व्हय?” यमुनाबाई गोठ्यात गेल्या आणि एक डबा घेऊन आल्या. “बेंदराला बैलाची शिंगं रंगवायचा हाय. तांबडा. चालंल का?”

कोणता रंग चालतो, याविषयी घराण्याच्या रीतीत काहीच सांगितलेले नव्हते. त्याने ब्रश बुडवला. पत्र्याच्या आतल्या अंगाला, जिथे यापूर्वी कुणाचेच नाव नव्हते, त्याने लिहिले : अभिनंदन चौगुले. अक्षरे शिंगांसारखी लाल आणि थोडी वाकडी आली. शेवटच्या अक्षरातून एक ओघळ खाली आला. तो त्याने पुसला नाही.

रत्नाक्का घरी फोन लावीत होत्या. “अहो, ऐकलं का? पागोटं काढून ठेवा … व्हय, रविवारचं … न्हाई, कुणी उचलणार न्हाई …”

रंग ओला होता. बोनेट उघडेच ठेवून अभिनंदन आंब्याखाली आला.  बारा वर्षांची गाडी. पंधरा दोष. रविवारची गर्दी. आणि आत लाल अक्षरांत त्याचे नाव.

तो घोंगड्याच्या कडेला गुडघे टेकून बसला.

“उस्ताद.”

टोपीखालून हुंकार आला.

“मी म्हटलं खरं. … पण तुम्ही सांगा. गाडी चांगली आहे ना?”

बाबालालांनी टोपी बाजूला केली, डोळे किलकिले करून त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाले :

“मला काय ठाऊक, बेटा? मी कुठे गाडी बघितली? मी तर जेवत होतो.”